दमदम्याची माती

धामणगडाचा माथा सगळा काळ्या खडकाचा आहे. कुदळ मारली तर ठिणगी उडते, माती म्हणून निघत नाही. असे असताना मोठ्या दरवाजातून आत शिरले की उजव्या हाताला लाल मातीचा एक ऐसपैस ढिगारा लागतो. त्यावर हळदकुंकू वाहिलेले असते, कडेने झेंडू लावलेला असतो, पण मूर्ती कुठली नसते. नवखा माणूस विचारतोच, की ही माती इथे आली कुठून? असली लाल माती पार खाली, ओढ्यापलीकडच्या माळावर सापडते. तिथून गडाचा चढ एवढा उभा, की मोकळ्या हाताने चढणाऱ्यालाही मध्येच बसावे लागते. मग एवढी माती डोक्यावरून कुणी आणली, आणि कशासाठी?

या ढिगाऱ्याला आमच्याकडे 'माहेर' म्हणतात. आणि ती माती वाहिली ती गडाला वेढा घालून बसलेल्या फौजेनेच, तीही गाणी म्हणत. ऐकून हसू येते ना? सगळ्यांनाच येते. जरा सावलीला टेका, म्हणजे सविस्तर ऐकता येईल.

एकोणिसावे शतक नुकते लागले होते, तेव्हाची ही हकिकत सांगतात. पुण्याचा वचक सरला होता आणि ज्याच्या दारात चार घोडी तो स्वतःला राजा म्हणवून घेत होता. धामणगडचा धनी मूलबाळ नसताना वारला आणि त्याचे तेरावे होते न होते तोच घराण्यात यादवी पेटली. थोरल्या पातीचा तरुण वारस जानराव गडावर होता, त्याने दरवाजे लावून घेतले. धाकट्या पातीचा भवानराव हा नात्याने त्याचा चुलता. खालचा सगळा मुलूख त्याच्याकडे होता, त्याने गडाला वेढा दिला. वर आणि खाली माणसे एकाच मुलखाची. एकाची बहीण वर नांदत होती, तर दुसऱ्याचा मेहुणा खाली तोफेला दारू भरत होता. भाऊबंदकी असली म्हणजे असेच चालायचे.

भवानरावाच्या फौजेचा कारभार होता सुभानराव निंबसरकर या सरदाराकडे. अंगाने थोराड, मिशा पिळदार, आणि पागोटे असे की दुरून आधी पागोटे दिसायचे, मग सुभानराव. हट्टी माणूस होता, पण मनाने साफ. भवानरावाच्या वडिलांनी त्याला पोरकेपणी पदरी घेऊन वाढवले होते. त्या मिठाला जागायचे म्हणून त्याने देवीपुढे बेलभंडार उचलला: धामणगड पडल्याशिवाय वेढा उठवणार नाही. शपथ घेताना आवाज खणखणीत होता म्हणे. अडचण एकच होती. गडावरचा जानराव हा सुभानरावाचा जावई होता आणि त्याची एकुलती एक लेक सगुणा गडावर नांदत होती.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाने असली शपथ घेतलीच कशी? तर सुभानरावाचा हिशेब असा होता, की पोरगा कोवळा आहे, तोफेचे दोन बार ऐकले की खाली उतरेल, चुलत्याच्या पाया पडेल आणि आठवडाभरात सगळे मिटेल. जानराव काही उतरला नाही. हट्टात जावई सासऱ्याच्या वरताण निघाला. इकडे भवानरावाने भर सदरेत सांगून टाकले, की गड पडला की जानरावाचे मुंडके दरवाजावर टांगणार. तेव्हा सुभानरावाच्या पायाखालची जमीन सरकली. गड पडला तर लेकीचे कुंकू पुसले जाणार आणि वेढा उठवला तर देवापुढे उचललेला बेलभंडार मोडणार. त्या दिवसापासून त्याला धड झोप लागेना की घास गोड लागेना.

वेढा लांबला. तोफ तटाच्या उंचीला यावी म्हणून सुभानरावाने ओढ्यापलीकडची लाल माती आणून तिचा मोठा दमदमा घातला. फौजेतल्या एकूण एक माणसाने टोपल्या वाहिल्या. स्वतः सुभानराव पागोटे बाजूला न ठेवता चिखल तुडवत होता. दमदम्यावर पाणी मारून, बडवून तो दगडासारखा केला आणि वर तोफ चढवली. तोफेने पहिला गोळा टाकला, तो खडकावर आपटला आणि घरंगळत परत छावणीत आला. स्वयंपाकाचा एक हंडा फुटला, एवढीच काय ती पहिल्या दिवसाची हानी.

पण वेढ्यात माणूस गोळ्याने मरत नाही, झिजतो. गडावरचे धान्य आटत चालले. आधी घोड्यांचे हरभरे माणसांनी खाल्ले, मग बियाण्याच्या मडक्यांना हात लागला. खालीही काही सुख नव्हते. ओढ्याचे पाणी बाधून निम्मी छावणी पोट धरून बसली होती, शेते घरी ओस पडली होती, आणि रोज तोच तट बघून माणसे विटली होती. संध्याकाळी वरचा कोणी खालच्याला नाव घेऊन शिवी द्यायचा आणि खालचा त्याच्या बहिणीची खुशाली विचारायचा. असा तो वेढा.

माघ महिना असेल. एका सकाळी गडाचा दिंडी दरवाजा किलकिला झाला आणि काठीला पांढरे लुगडे बांधून एक म्हातारी खाली उतरली. ती ठमाक्का, गडावरची सुईण. सबंध मुलखाची निम्मी प्रजा तिच्या हातांवर जन्मलेली, त्यामुळे पहारेकऱ्यांपैकी कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही. ती सरळ सुभानरावापुढे येऊन उभी राहिली.

"सरकार, गोड बातमी हाय," ती म्हणाली. "लेकीला दिवस गेल्यात."

सुभानराव उभा राहिला, खाली बसला, परत उभा राहिला. एवढ्या मोठ्या फौजेपुढे रडायचे कसे, म्हणून त्याने पागोटे सारखे केल्यासारखे केले आणि डोळे पुसून घेतले.

"बरी आहे ना? खाते-पिते ना काही?"

"खायाला हाय काय वर?" ठमाक्का म्हणाली. "पर ते ऱ्हाऊ द्या. डोहाळं लागल्यात तिला. चिंच खावीशी वाटतीया. कैरी मिळाली तर बरं."

आपल्याकडे डोहाळे अडवत नाहीत. पोटुशीची इच्छा राहिली तर बाळाची लाळ गळते, असे मानतात. त्यात शत्रू-मित्र काही पाहत नाहीत. सुभानरावाने सरळ टोपलीभर चिंचा आणि कैऱ्या वर धाडल्या. वेढ्याच्या नियमात ते बसते का, हे छावणीत कुणी विचारले नाही. उलट जो तो आपापल्या घरच्या बाईला काय खावेसे वाटले होते ते एकमेकांना सांगत बसला. कितीतरी दिवसांनी तिथे हसणे ऐकू आले.

पुढच्या खेपेला ठमाक्का आली ती पुरणपोळीचे डोहाळे घेऊन. त्या जोडीला तिने रीत सांगितली, की माहेरचे आलेले एकटीने खायचे नसते, सवाष्णींसह खायचे असते.

"मग पाच जणींपुरतं देतो," सुभानराव म्हणाला.

"पाच कशा? गडावर हायेत तेवढ्या समद्या सवाष्णीच की, सरकार. तुमच्या तोफेच्या किरपेनं अजून एकीबी रांडव झाली न्हाई."

आजूबाजूचे शिपाई तोंडाला शेला लावून हसले. सुभानरावाने गव्हाची आणि हरभऱ्याच्या डाळीची पोती, गुळाच्या ढेपी असे सगळे मोजदाद न करता वर धाडले. वर जानरावाने तोंड फिरवले म्हणे. शत्रूचे अन्न मी शिवणार नाही, म्हणाला. सगुणेने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि सांगितले, "शत्रूचं नव्हे, माझ्या माहेरचं आहे. खायचं नसेल तर तसं आबांना कळवते." जानराव मुकाट्याने जेवला.

त्यानंतर डोहाळ्यांना भरतीच आली. कधी तांदळाच्या खिरीचे, कधी नाचणीच्या आंबिलीचे, कधी भरल्या वांग्याचे. एकदा ठमाक्का येऊन म्हणाली, बाईसाहेबांना काही खायचे नाही, फक्त चरवीत दुधाची धार पडताना जो आवाज होतो तो ऐकावासा वाटतो.

"म्हणजे म्हैस पाहिजे," सुभानराव म्हणाला.

"म्हशी म्हना की. वर वारा लई असतोय. एकीचा आवाज कानापत्तूर पोचत न्हाई."

सुभानराव गंभीर चेहऱ्याने "ठीक आहे" म्हणाला आणि तंबूमागे गेला. तिथे खांबाला धरून तो इतका हसला, की त्याचा घोडा सांभाळणारा मोतद्दार घाबरून धावत आला. लेक आपल्याला उघडउघड लुटते आहे, हे त्याला पहिल्या पुरणपोळीपासून कळले होते. लहानपणी ती चिंचेला तोंड लावायची नाही, तिला कसले आंबटाचे डोहाळे! पण कळल्यावर जो आनंद झाला तो त्याला कुणापुढे बोलून दाखवता येत नव्हता. शपथ वेढा न उठवण्याची होती. वेढा तर जागच्या जागी होता. तेवढ्या एका आधारावर तो आला दिवस ढकलत होता.

होळीच्या सुमारास भवानराव छावणी बघायला आला आणि त्याने काय पाहिले, तर गळ्यात माळा घातलेल्या म्हशी रांगेने गड चढताहेत आणि मागून त्याचेच शिपाई त्यांना चुचकारताहेत. भवानराव हाडकुळा, कमी बोलणारा गृहस्थ होता. कोठ्या बघून आल्यावर मात्र त्याला बोलल्यावाचून राहवेना.

"सुभानराव, वेढा आपण घातलाय, का त्यांनी आपल्याला?"

त्याने तिथल्या तिथे मनाई केली. आजपासून खाण्यापिण्याची एकही वस्तू वर जाणार नाही. डोहाळे म्हणाल तर खाण्यापिण्याखेरीज काय हवे ते न्या. दिंडी दरवाजाच्या वाटेवर त्याने स्वतःची चौकी बसवली. ठमाक्का मान खाली घालून चढ चढून गेली, आणि मग बरेच दिवस वरून कुणी आले नाही.

ते दिवस सुभानरावाला फार जड गेले. म्हशींचे दूध संपणार नव्हते, पण धान्य किती दिवस पुरणार? वरच्या चुलींचा धूर बारीक होत गेला तसा तो खाली बसून बघत राहायचा. भवानराव खुशीत होता. आता पंधरवड्यात दरवाजा उघडतो बघा, म्हणायचा. लेकीला आपल्या हाताने उपाशी मारतो आहोत, हे सुभानरावाला दिसत होते.

आणि एका दिवशी पांढरे लुगडे पुन्हा दिसले. ठमाक्का आली, सुभानरावाला आणि भवानरावाला दोघांना नमस्कार करून म्हणाली, "बाईसाहेबास्नी माती खावीशी वाटतीया."

भवानराव मांडीवर थाप मारून हसला. गडावर माती खायची पाळी आली, असा त्याने अर्थ घेतला. पोटुशी बाई मातीला जीव टाकते, हे त्याला कुणी सांगितले नसावे. त्याच्या घरात बायकांशी बोलायची पद्धत नव्हती. "न्या, हवी तेवढी न्या," तो म्हणाला. "मातीला कोण अडवतो? सुभानराव, कमी पडू देऊ नका." चौकीला तशी ताकीद देऊन तो नवी दारू आणि ताज्या दमाची माणसे आणायला आपल्या गावी निघून गेला. आता एक शेवटचा धक्का दिला की झाले, असे त्याला वाटत होते.

सुभानरावाने शेतातली माती पाठवली. ती परत आली, करकर लागते म्हणून. ओढ्याकाठची पाठवली, तिला शेवाळाचा वास येत होता. वारुळाची पाठवली, ती कडू निघाली. शेवटी सुभानरावानेच हात जोडून विचारले, की बाई, तिला नेमकी हवी तरी कुठली?

"त्या दमदम्यावर तुमी सकाळच्याला पानी मारता न्हवं, त्याचा वास वर येतोय. तीच पायजे," ठमाक्का म्हणाली. "बाच्या पायानं तुडवल्याली हाय, आनिक काय पायजे? आन माहेरची माती माहेरच्याच मानसानं डोईवर आनायची असतीया. वर आलेल्या मुराळ्याला उपाशी धाडीत न्हाईत, तेवढं ध्यानात ठिवा."

सुभानरावाने दमदम्याकडे पाहिले. महिनोन्‌महिने राबून उभा केलेला तो ढीग, वर तोफ. मग तो छावणीकडे वळून एवढेच म्हणाला, "माहेरची माणसं म्हणून कोण कोण जाणार?"

सगळी छावणी उभी राहिली म्हणे.

पहिल्या दिवशी गेलेले दरवाजाआत माती ओतून परत आले ते ताक पिऊन, बहिणींना भेटून आणि भाच्यांना खांद्यावर खेळवून. दुसऱ्या दिवशी टोपल्यांसाठी भांडणे लागली आणि चढावर गाणी सुरू झाली. मुराळी व्हायचे तर हत्यार दरवाजाबाहेर ठेवावे लागे, ते सगळ्यांनी ठेवले. आणि एक गोष्ट हळूच सुरू झाली. टोपलीत वर माती दिसायची, पण खाली नाचणी, तांदूळ, कुणाच्या घरून आलेले शेंगदाणे असायचे. ते कुणी सुचवले, कळले नाही. चौकीवरचा हवालदार टोपलीत हात घालायचा, त्याच्या बोटांना धान्य लागायचे आणि तो "माती आहे, सोडा" म्हणायचा. त्याचीही एक आत्या वर होती.

सुभानराव बघायचा आणि बघितले नाही असे करायचा. दमदमा दिवसेंदिवस खाली बसत चालला. तोफ आधी कलली, मग तिने नाक खाली घातले आणि एका दुपारी ती सावकाश घसरत जाऊन ओढ्याकडे तोंड करून बसली. कुणी तिला उचलायला गेले नाही. माणसेही रोज कमी होत होती. वर गेलेला एखादा रात्रीचा मुक्काम ठोकायचा, एखाद्याची बहीण म्हणायची आता आलाच आहेस तर छपराचे तेवढे बघ, एखादा वरूनच खाली ओरडून सांगायचा की मी उद्या येतो. तो उद्या लवकर उगवत नसे.

वैशाखात सगुणेला सातवा महिना लागला आणि गडावर डोहाळेजेवण ठरले. फौजेतले उरलेसुरले सगळे पहाटेच टोपल्या घेऊन वर गेले. छावणीत एकटा सुभानराव राहिला. त्याला लेकीने बोलावणे धाडले होते. पण वर जायचे म्हणजे वेढ्याचा शेवटचा माणूस उठणार होता. दमदम्याची आता एकच टोपलीभर माती उरली होती आणि तिच्याशेजारी तो बेलभंडाराची शपथ मनात घोळवत बसला होता. वरून पुरणाचा वास येत होता.

तेवढ्यात भवानराव आला, मागे नवी माणसे आणि दारूचे गाडे. त्याने रिकामी छावणी पाहिली, ओढ्याकडे तोंड करून बसलेली तोफ पाहिली, आणि दमदमा जिथे होता तिथे सपाट जमीन पाहिली.

"उद्या सकाळी दमदमा परत उभा राहील," तो म्हणाला. "तट फोडायचा. तुम्ही बेलभंडार उचलला आहे, सुभानराव."

"उचललाय," सुभानराव म्हणाला. तो उठून उभा राहिला. "ज्या घराचं मीठ खाल्लं त्याला जागलो, सात महिने जागलो. आता पुढं होत नाही. बेलभंडार मोडतोय, भवानराव. लपून नाही, तुमच्या तोंडावर मोडतोय. देवी काय शिक्षा द्यायची ती मला देईल."

त्याने डोक्यावरचे पागोटे उतरवले आणि भवानरावाच्या पायाशी ठेवले. मराठा सरदार उघड्या डोक्याने कुणासमोर येत नाही. नवी माणसे खाली बघू लागली. सुभानरावाने शेवटची टोपली स्वतः भरली, स्वतःच डोक्यावर घेतली आणि गडाची वाट धरली. चौकीच्या हवालदाराने त्याला वाट दिली आणि भाला टेकवून तोही मागोमाग निघाला.

चढ उभा, ऊन डोक्यावर, आणि वय झालेले. पण सांगतात की सुभानराव एकदाही टेकला नाही. दरवाजात जानराव कमरेला तलवार लावून उभा होता.

"मामासाहेब, गड घ्यायला आलात?"

"नाही. लेकीला मातीचे डोहाळे लागलेत असं कळलं."

जानरावाने तलवार काढून भिंतीला टेकवली, पुढे होऊन टोपलीला हात दिला आणि सासऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. आतून सगुणा हिरव्या लुगड्यात, फुलांनी मढलेली, घाईघाईने आली. बापाचे उघडे डोके पाहून ती जागीच थबकली.

"आबा, पागोटं कुठं?"

"खाली ठेवलं," सुभानराव म्हणाला. "पागोटं आणि टोपली दोन्ही एका डोक्यावर बसेनात."

सगुणा बापाच्या गळ्यात पडून रडली. सुभानराव रडला. तटावरची माणसे रडली. ठमाक्काला मात्र जेवण गार व्हायची काळजी होती. तिने टोपलीतली चिमूटभर माती उचलून सगुणेपुढे धरली, "घ्या बाईसाहेब, एवढी लांबनं आलीया." सगळ्या गडाच्या देखत तिला ती तोंडात टाकावी लागली. तिने असे तोंड वाकडे केले, की जानरावाला आधी हसू फुटले.

"अगं बाई, काय घाण लागते!" सगुणा थुंकत म्हणाली. "आबा, ही असली माती मी कशी खाल्ली असती हो?"

त्यावर जो हशा उठला तो खाली भवानरावाला ऐकू गेला. सगळ्यात मोठ्याने सुभानराव हसत होता. सात महिन्यांचे हसू त्याने त्या एका दुपारी हसून घेतले.

पंगत बसायच्या आधी सुभानरावाने देवीला कौल लावला, मोडलेल्या शपथेची शिक्षा विचारायला. फूल उजवीकडे पडले. देवी शेवटी बाईमाणूस, तिला सगळे आधीच ठाऊक असणार. तरी सुभानरावाने स्वतःच स्वतःला शिक्षा करून घेतली, की मरेपर्यंत पागोटे घालणार नाही. ती त्याने पाळली.

भवानरावाचे काय झाले विचाराल. तो खाली एकटाच बसला होता. त्याची नवी माणसेही नात्याचा कुणी ना कुणी आठवून वर गेली होती. सगुणेने ठमाक्काला त्याच्याकडे धाडले: सासरच्या वडीलधाऱ्याने डोक्यावर हात ठेवायचा असतो आणि घराण्यात आता वडीलधारे तुम्ही एकच आहात. भवानराव आला. येताना काय आणायचे सुचले नाही, म्हणून वाटेत पडलेली मूठभर लाल माती घेऊन आला. त्याच्या पानात तूप वाढायला जानराव स्वतः वाकला आणि भवानरावाने बराच वेळ 'पुरे' म्हटले नाही. गड थोरल्या पातीकडे आणि खालचा मुलूख धाकट्या पातीकडे, हे त्याच पंगतीत ठरले. ढिगाऱ्यावर शेवटची मूठ भवानरावाची आहे. सगुणेला मुलगी झाली. तिची लाळ अजिबात गळली नाही, असे सांगतात.

आजही पंचक्रोशीतल्या पहिलटकरीण लेकींचे डोहाळेजेवण याच गडावर होते. त्यासाठी बाप ओढ्यापलीकडच्या माळावरची टोपलीभर लाल माती उघड्या डोक्याने वाहून आणतो. दरवाजा आतून लावलेला असतो आणि बायका त्याला विचारतात, पागोटे कुठे ठेवले? त्याने सुभानरावाचे उत्तर द्यायचे, मग दरवाजा उघडतो. लेकीने चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि तोंड वाकडे करायचे. ते मुद्दाम करावे लागत नाही.

मागच्या वैशाखात एक फौजदार आले होते, चांगले करारी गृहस्थ. माती डोक्यावर घ्यायला ते तयार होते, पण अंगावर सरकारी पोशाख, तेव्हा टोपी निघणार नाही म्हणाले. टोपीवरच टोपली ठेवून गड चढले. बायकांनी दरवाजा उघडला नाही. फौजदारांनी कायदा सांगितला, मग आवाज चढवला, मग घड्याळ पाहिले. बायका आतून गाणी म्हणत राहिल्या. एवढ्यात त्यांच्या लेकीनेच आतून दाराला तोंड लावून हाक मारली, "पप्पा, आलात का? मी कधीची वाट बघतेय." फौजदारांनी टोपी काढली. ती त्यांनी कुठे ठेवली, हे जेवणे होऊन गड उतरेपर्यंत त्यांना आठवत नव्हते.